काचेतले ऊन

दोन एप्रिल १९९१, मंगळवार. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी हुफूफमध्ये दिवस मावळला.

मला अलंकारिक लिहिण्याची सवय नाही. जे घडले ते असे. कुवेतच्या तेलविहिरी कित्येक आठवडे जळत होत्या. युद्ध संपले होते, आग संपली नव्हती. एरवी वारा तो धूर समुद्राकडे नेत असे. त्या दिवशी त्याने तो आमच्याकडे आणला. उत्तरेचे आकाश आधी तपकिरी झाले, मग जांभळे, आणि मग खोलीतला दिवा विझवावा तसा उजेड गेला. रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले.

मी तेव्हा सौदी अरेबियात, हुफूफबाहेरच्या एका मोठ्या दुग्धशाळेत पशुवैद्य होतो. खिडकीतून पाहिले तर गोठ्यातल्या शेकडो गाई एकामागून एक उठत होत्या. कोणी हाकले नव्हते. त्या निमूट चालत दूध काढण्याच्या शेडच्या फाटकापाशी गेल्या आणि रांगेने उभ्या राहिल्या. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली असे त्यांना वाटले. एकही गाय हंबरली नाही. गुरांच्या आवाजाची भीती मला कधी वाटली नाही. त्या शांततेची वाटली.

तेवढ्यात फोन वाजला.

"डॉक्टर, मी हसन बोलतो. म्हातारी आता जाते बगा. काल संध्याकाळपासून उभीच आहे, शेपूट वर-खाली करते, अंडा काय बाहेर येत नाय. आणि शेठ आज येणार, असरच्या नमाजानंतर, चारच्या सुमाराला."

"येऊन काय करणार?"

"सांगून ठेवलंय त्यानं. अंडी तशीच असतील तर पाखरं कापायची, आणि माझा पासपोर्ट माझ्या हातात."

आखातात नोकरी केलेल्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो. तिथे परदेशी माणसाचा पासपोर्ट त्याच्या मालकाकडे, म्हणजे कफीलकडे असतो. तो हातात परत मिळाला की घरी जायचे. हसनमियाँ पन्नाशी ओलांडलेला, दाभोळच्या खाडीकाठचा, पूर्वी गलबतावर खलाशी. घरी तीन मुली होत्या. दोघींची लग्ने व्हायची होती.

"मी निघतो," मी म्हणालो. "तिला कोणी हात लावू नका."

हसनमियाँचा कफील अबू नासिर खजुराचा व्यापारी. शहराबाहेर त्याची खजुरीची बाग होती आणि बागेत दोन मोर आणि पाच लांडोरी. श्रीमंत माणसे तिकडे ससाणे पाळतात, उंट पाळतात. याच्या आईला मोर आवडत. मी मूळचा कोंबड्यांच्या खात्यातला. महाराष्ट्रात असताना माझी अर्धी नोकरी कुक्कुटपालन केंद्रात गेली. म्हणून पक्ष्याचे काही दुखले की लोक माझ्याकडे येत.

आले ते नमुनेदार लोक होते. खमीस मुशैतच्या एका गृहस्थाने कुठेतरी ऐकले की अंड्याच्या कवचाला चुना लागतो. त्याने मुलाच्या शाळेतून खडू आणून मोरांना दळून घातले, आणि तेही नर मोरांना, कारण दिसायला तेच चांगले. जो अंडी घालत नाही त्याच्या पोटात जादा कॅल्शियम गेले की त्याची मूत्रपिंडे जातात. त्याचा मोर मेला. अल खर्जच्या एकाने लांडोरींना घरातली अंड्याची टरफले कच्चीच टाकली. टरफल भाजून, ओळखू येणार नाही इतके बारीक करून द्यायचे असते. पक्ष्याला एकदा टरफलाची ओळख पटली की तो स्वतःचे अंडे फोडून खातो, आणि ती सवय सुटत नाही. त्या गृहस्थाने मला विचारले, "डॉक्टर, यांना समजावून सांगता येईल का?" मी फी घेतली आणि निघालो.

हसनमियाँ या जातीतला नव्हता. मोरांचे काम त्याच्याकडे आले ते आदल्या वर्षी, जुना येमेनी राखणदार देश सोडून गेला तेव्हा. काम माहीत नव्हते म्हणून त्याने मला विचारले, आणि सांगितलेले तसेच केले. अशी माणसे थोडी असतात.

आता अंड्याविषयी थोडे सांगणे भाग आहे.

पक्ष्याच्या पोटात अंड्याचा बलक आधीच तयार असतो आणि त्याच्यावर पांढरे लवकर चढते. वेळ लागतो तो कवचाला. जवळजवळ एक दिवसभर ते अंडे एका पिशवीत थांबते आणि त्याच्यावर चुन्याचे थर चढतात. तो चुना आहारातून यावा लागतो. आहारातून पुरला नाही तर लांडोर तो आपल्या हाडांतून काढते. स्वतःचा सांगाडा झिजवून ती अंड्याचे घर बांधते. हाडेही संपली की अंडे येते ते नुसत्या पापुद्र्यात गुंडाळलेले. हातात घेतले तर ते बोटांच्या आकाराचे होते. त्याहून वाईट म्हणजे ते बाहेर येतच नाही. टणक अंड्याला स्नायू ढकलू शकतात. मऊ अंड्याला धरायला जागा नसते. ते आत अडकते. फुटले तर लांडोर मरते.

म्हणून अंडी घालण्याच्या मोसमाआधी लांडोरींसमोर एका वेगळ्या भांड्यात कालवांच्या शिंपल्यांची भरड ठेवायची. खाद्यात मिसळायची नाही. जिला हवी ती खाते, हवी तेवढीच खाते. पक्ष्याला आपली गरज कळते. कोंडा कमी द्यायचा, कारण तो चुना बांधून ठेवतो. गोड पदार्थ द्यायचे नाहीत. गोडाने पोट भरते आणि कामाचे अन्न राहून जाते. मार्चमध्ये पहिले मऊ अंडे सापडले तेव्हा हसनमियाँने फोन केला होता. मी हे सारे विचारले. भांडे भरलेले होते. कोंडा बंद. अबू नासिरची आई रमजानात स्वतःच्या हाताने पाखरांना खजूर घालत असे. तोही त्याने तिच्या पाया पडून बंद करवला. तरी अंडी मऊच येत राहिली.

मी दिवे लावून गाडी चालवत गेलो. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे तांबूस दिसत होते. काचेवर बारीक काळे ठिपके पडत होते. वायपर लावला तर ते पसरत. खजुरीच्या बागांतून एरवी बुलबुलांचा कलकलाट असतो. त्या दिवशी पाण्याच्या पंपांखेरीज काही ऐकू येत नव्हते.

बागेच्या फाटकाशी पंप सांभाळणारा करीम उभा होता. मुलतानचा, बोलघेवडा. तोंडावर रुमाल बांधलेला.

"यल्ला, चलो डॉक्टर साब!" तो ओरडला. "सूरज डूब गया. खजूर निकालो, रोज़ा खोलते हैं!"

"घड़ी देखो."

"घड़ी कौन मानता है, अंधेरा तो अल्लाह ने किया है।" मग तो जवळ आला आणि त्याचा आवाज उतरला. "साब, अंदर मत जाओ. उधर जिन्न है. अंडे को बाहर से हाथ नहीं लगाता, अंदर से पी जाता है. मैंने खुद देखा, खाल पड़ी थी, ख़ाली."

"फिर तुम उसको पकड़ते क्यों नहीं?"

"तौबा," तो म्हणाला आणि मागे सरकला.

हे एकट्या करीमचे म्हणणे नव्हते. बागेतले सगळे मजूर तेच म्हणत होते, आणि ते अबू नासिरच्या कानावर गेले होते. पाखरे कापायचे त्याने ठरवले ते नुकसानीमुळे नव्हे. ज्या घरात अंडी आतून रिकामी होतात त्या घराविषयी लोक बोलू लागतात, आणि अबू नासिरला लोकांचे बोलणे परवडत नव्हते.

हसनमियाँ बागेच्या मागल्या बाजूला वाट पाहत होता. हातात कंदील. रोज्याने ओठ सुकलेले.

"चला," तो म्हणाला. "या बाजूने."

मी जुन्या जाळीच्या पिंजऱ्याकडे वळलो होतो. तो रिकामा होता. हसनमियाँ मला पुढे, काचघराकडे घेऊन गेला. अबू नासिरने काकडीसाठी परदेशातून मागवलेले ते काचघर. भिंती काचेच्या, छप्पर काचेचे. प्रत्येक तावदानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चिकटपट्टीच्या फुल्या मारलेल्या. युद्धात सगळ्यांनीच खिडक्यांना अशा फुल्या मारल्या होत्या. स्फोटाच्या हादऱ्याने काच फुटली तरी तुकडे उडू नयेत म्हणून. त्या काळ्या दुपारी कंदिलाचा उजेड काचेवर पडला आणि चारही बाजूंना त्या पांढऱ्या फुल्या दिसू लागल्या. आत काही हलत नव्हते.

दार उघडून आत गेलो. एक सोडून सगळी पाखरे दांडीवर बसली होती. पक्षी अंधार पडला की दांडीवर जातात, त्यात नवल नाही. पण दांडीवर पाखरे जागा मिळेल तशी, तोंडे इकडे-तिकडे करून बसतात. इथे सहाच्या सहा एकाच दिशेला तोंड करून बसली होती, उत्तरेकडे, जिकडून धूर आला त्या दिशेला. माना ताठ. मी कंदील डावीकडे नेला, उजवीकडे नेला. एकाचीही मान वळली नाही. याचे कारण मला तेव्हा कळले नाही आणि आजही सांगता येत नाही.

"हे ओरडत नाहीत?" मी विचारले.

"जानेवारीत ओरडायचे. सायरनच्या आधी ओरडायचे, डॉक्टर. हे ओरडले की मी समजायचो, आता दम्मामकडे पडणार काहीतरी. मग सायरन व्हायचा. महिना झाला, मुके झालेत."

दांडीच्या खाली वाळूत तीन अंडी होती. लांडोर संध्याकाळी अंडे घालते, कधी कधी दांडीवर बसल्या बसल्याच. टणक अंडे एवढ्यावरून पडले तर फुटते. ही फुटली नव्हती. ती वाळूवर सपाट पसरली होती आणि कंदिलाचा उजेड त्यांच्यातून आरपार जात होता. आतला बलक हलला. मी पाऊल टाकले की जमिनीच्या हादऱ्याने तो हलत होता, म्हणून तो माझ्याकडे वळल्यासारखा दिसे. करीमने हे पाहिले असेल तर मी त्याला हसणार नाही.

सातवी, म्हणजे हसनमियाँ जिला म्हातारी म्हणे ती लांडोर, कोपऱ्यात उभी होती. पाय फाकलेले, शरीर उभे, शेपूट वर-खाली. डोळे अर्धे मिटलेले.

हसनमियाँने आपल्या डोक्यावरचा रुमाल तिच्या डोक्यावर टाकला आणि तिला अलगद उचलून धरले. पाखराला दिसेनासे झाले की ते शांत होते. मी पोटावरून हात फिरवला. अंडे खालीच होते, फुग्यासारखे मऊ. ते दाबणे म्हणजे ते आत फोडणे. मग मी छातीच्या हाडावरून बोट फिरवले, तपासायचे म्हणून, सवयीने. ते हाड बोटाखाली वाकले.

पक्ष्याच्या छातीचे हाड नांगराच्या फाळासारखे असते, सरळ आणि कठीण. हे ओल्या वेतासारखे होते.

मी शिंपल्यांचे भांडे पाहिले. भरलेले होते, आणि वरचा थर चोचींनी उकरलेला होता. पाखरे शिंपला खात होती. तो त्यांच्या पोटात जात होता. पोटातून हाडात जात नव्हता.

"ही इथे कधीपासून आहेत?" मी विचारले.

"काचेत? पहिला सायरन झाला तेव्हापासून. शेठ सगळी माणसं घेऊन जेद्दाला गेला. मला म्हणाला, पाखरं जिवंत ठेव. लोक बोलायचे, गॅसचा बॉम्ब पडणार. माणसाला मास्क दिले, पाखराला कोण देतो? म्हणून मी सगळी इथं आणली. फटी कापसाने बुजवल्या. उजेड आहे, ऊन आहे, गॅस येणार नाय. मी पण इथंच झोपायचो, त्या कोपऱ्यात."

"आणि खायला?"

"तयार खाद्य मिळायचं बंद झालं. जव, मका, मसूर. भिजवून."

मी लांडोर खाली ठेवायला सांगितली. मला जे कळायचे ते कळले होते.

चुना पोटातून रक्तात घ्यायचा तर 'ड' जीवनसत्त्व लागते. तयार खाद्यात ते मिसळलेले असते. साध्या धान्यात जवळजवळ नसते. धान्यावर वाढणारी पाखरे ते उन्हातून स्वतः बनवतात. म्हणून मोर उन्हात पंख पसरून पडतात. त्याला कोणी आळस समजू नये. पण उन्हातला जो भाग हे काम करतो तो काचेतून पलीकडे जात नाही. काच उजेड देते, ऊब देते, डोळ्याला पूर्ण ऊन देते. हाडाला काही देत नाही. ही पाखरे अडीच महिने लख्ख उजेडात बसून अंधारात होती.

मी हे हसनमियाँला सांगितले. त्याने ऐकून घेतले. कंदील खाली ठेवला.

"म्हणजे मीच केलं."

"होय."

त्याला वाईट वाटेल म्हणून वेगळे सांगावे असे मला वाटले नाही. आजही वाटत नाही. जो माणूस पाखरांच्या शेजारी झोपतो त्याला खरे कारण ऐकण्याचा अधिकार असतो.

"शेठला काय सांगणार?" त्याने विचारले.

"जे आहे ते."

तो वाकला आणि पुन्हा लांडोर उचलली.

गाडीत गाईंसाठीचे कॅल्शियम होते. व्यायल्यावर गाय खाली बसते तेव्हा ते शिरेतून देतात आणि ती उठून उभी राहते. त्यातले थोडे पाण्यात पातळ करून लांडोरीला टोचले. हसनमियाँने पाणी तापवून आणले. तिचे पोट गरम ओल्या फडक्याने शेकले. बराच वेळ गेला. बाहेर उजेड आला नाही. दाराशी करीम आणि दोन मजूर येऊन उभे राहिले होते. आत यायला तयार नव्हते, जायलाही तयार नव्हते.

अखेर तिने जोर केला आणि अंड्याचा पापुद्रा दिसला, पाठीमागे, रुपयाएवढा. तो पुढे येईना. मी जाड सुई घेतली, पापुद्र्यात घातली आणि सिरिंजने आतले सगळे ओढून घेतले. बलक, पांढरे, सगळे. पापुद्रा रिकामा होऊन चुरगळला. तो चिमट्याने धरून अलगद बाहेर काढला. बाहेरून अंड्याला धक्का न लावता आतून रिकामे केले. जिन जे करतो असे ते लोक म्हणत होते, तेच मी त्यांच्या डोळ्यांसमोर केले. करीम मोठ्याने कलमा म्हणू लागला.

"चुप," हसनमियाँ म्हणाला. "डॉक्टर है, जिन्न नहीं. जिन्न फीस नहीं लेता।"

त्या दिवसातला तो त्याचा पहिला विनोद.

लांडोर खाली ठेवली. ती बसली. काल संध्याकाळपासून प्रथमच बसली, असे हसनमियाँ म्हणाला. पण मूळ दुखणे तसेच होते, सातही जणांत. 'ड' जीवनसत्त्वाची इंजेक्शने दुग्धशाळेत कधीच संपली होती. बंदरात माल उतरत होता तो लष्कराचा. आमची खोकी मागे कुठेतरी. औषधाच्या दुकानांत माशाचे तेल नव्हते, हे मी आठवड्यापूर्वी दुसऱ्या कामासाठी विचारले होते. आणि बाहेर सूर्यच नव्हता.

हसनमियाँ माझ्याजवळ उभा होता. गरम पाण्याने त्याचे अंग घामेजले होते, आणि मला एक वास आला. तो वास ज्याने लहानपणी एकदा घेतला त्याला विसरता येत नाही. माझी आजोळची माणसे किनाऱ्यावरची.

"मुशीचं तेल घेता का तुम्ही?"

तो ओशाळला. "बायको पाठवते. गुडघ्यांसाठी. पहाटे सहरीच्या जेवणाला एक चमचा. वास येतो काय फार?"

"बाटली आणा."

मुशी हा शार्कच्या जातीचा मासा. त्याच्या यकृताचे तेल कोकण किनाऱ्यावर घरोघर असते. अशक्त पोरांना नाक दाबून पाजतात. त्यात 'अ' जीवनसत्त्व फार आणि 'ड' बेताचे. जास्त दिले तर 'अ'च बाधते. पण बेताचे म्हणजे काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ. त्याने पत्र्याच्या पेटीतून बाटली आणली, जुन्या लुंगीत गुंडाळलेली, अर्ध्याहून भरलेली. मी थेंबांचे माप ठरवून दिले. प्रत्येक पाखराला रोज, भिजवलेल्या मक्यात चोळून, आणि ऊन आल्यावर बंद.

"बायकोला कळलं तर म्हणेल," हसनमियाँ म्हणाला, "मी नवऱ्याला पाठवलं आणि खाल्लं मोरांनी." मग थोड्या वेळाने, "म्हणजे मला तर कळवायलाच लागणार. शेठनं घरी पाठवलं की."

मी बाटलीचे बूच घट्ट लावले.

पुढचे इथेच सांगून टाकतो. मे महिन्यात त्या लांडोरींनी टणक अंडी घातली, चार जणींनी. म्हातारी जगली, तिने पुन्हा अंडे घातले नाही. छातीचे हाड वाकडेच राहिले. मोर पुन्हा ओरडू लागले, पण कधी आणि का, हे मला माहीत नाही. तोवर माझी बदली झाली होती. बागेच्या शेजाऱ्यांनी तक्रार केली एवढे कळले.

अबू नासिर असरनंतर आला. उंच, कमी बोलणारा माणूस. त्याच्या पांढऱ्या कपड्यांवर गाडीपासून काचघरापर्यंत येईतो काळे ठिपके पडले होते. मजूर मागे सरले. त्याने सिरिंज पाहिली, चुरगळलेला पापुद्रा पाहिला, बसलेली लांडोर पाहिली. माझे अरबी कामापुरते होते. त्यात सांगता आले ते सांगितले. हे दुखणे आहे, जिन नाही. यांना ऊन मिळाले नाही. काच ऊन अडवते.

त्याने काच पाहिली. फुल्या पाहिल्या.

"यांना काचेत कोणी घातले?" त्याने विचारले.

हसनमियाँ पुढे झाला. "मी," तो म्हणाला, अरबीत. त्या एका शब्दाला त्याला भाषा कमी पडली नाही.

अबू नासिर त्याच्याकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे वळला. त्याला वैद्याचे मत हवे होते. मी आयुष्यात अनेक दाखले लिहिले आहेत. एकही खोटा लिहिलेला नाही. तोही लिहिणार नव्हतो.

"खरे आहे," मी म्हणालो. "जो इथे राहिला त्याने घातले."

दांडीवरची सहा पाखरे अजूनही उत्तरेकडे पाहत होती. अबू नासिरने त्यांच्याकडे पाहिले, आणि मग तोही काही वेळ त्याच दिशेला पाहत उभा राहिला. काचेपलीकडे पाहण्यासारखे काही नव्हते. काचेत त्याला स्वतःचाच चेहरा दिसत असावा.

"काच काढायला किती माणसे लागतील?" त्याने विचारले.

"दोन," मी म्हणालो.

"एक हा," तो म्हणाला. "दुसरा करीम."

"जिन असताना मी नाही," करीम दाराबाहेरून म्हणाला.

"मग दुसरा मी," मी म्हणालो.

अबू नासिर निघाला. दारात थांबून हसनमियाँला म्हणाला, "काचा फोडू नकोस. पुढच्या वर्षी काकडी लावायची आहे." आणि मग, जाता जाता, "आईने तुला रोजा सोडायला घरी बोलावले आहे."

पुढच्या वर्षी, असे तो म्हणाला. ते हसनमियाँने ऐकले की नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही. त्याने पाना घेतला आणि शिडी लावली.

धुरात पाखरे उघडी टाकणे बरोबर होते का? मला खात्री नव्हती. काजळी फुफ्फुसाला वाईट. पक्ष्याचे फुफ्फुस तर फार नाजूक. पण धूर आज ना उद्या वाऱ्याबरोबर जाणार होता, आणि काच आपण होऊन जाणार नव्हती. मी निर्णय घेतला. छपराची दक्षिण बाजू उघडी करायची, तिथे जाळी ठोकायची, बाकीचे छप्पर तसेच; पाखरांना ज्या बाजूला बसायचे त्या बाजूला बसू दे.

हसनमियाँ वरून पेच सोडवत होता, मी खालून तावदान धरत होतो. एकेक तावदान खाली उतरवले, दोन तावदानांच्या मध्ये खजुरीच्या झावळ्या घातल्या, भिंतीला टेकवून ठेवले. मग जाळी ठोकली. कुठल्याशा मशिदीतून अजान ऐकू आली तेव्हाच कळले की आता खरोखर सूर्य मावळला. दिसण्यात काही फरक पडला नव्हता.

मी हसनमियाँला मोठ्या घराकडे पाठवले. तो जात नव्हता; मला सांगावे लागले. मग तावदानांवर पोती पांघरली आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून विटा ठेवल्या. पाखरांच्या पाण्यावर काळी साय आली होती. ते भांडे दूर नेऊन ओतले, घासले, ताजे पाणी भरले आणि छपराच्या काच असलेल्या भागाखाली सरकवले. माझ्या हातांवर तेलकट काजळी होती आणि मुशीच्या तेलाचा वास होता. दोन्ही साबणाने जात नाहीत. मी बागेच्या कुंपणाशी उकिडवा बसलो आणि कोरड्या वाळूने हात घासले.